अमेरिकेतून आणलेल्या लाव्हा लॅम्पचा बल्ब उडाला आणि पाणी गढूळ झालंय, घरी दुरुस्त होईल का?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. इथं विजेच्या सामानातले बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतेय. माझ्या भावानं मागं अमेरिकेतून येताना आईसाठी लाव्हा लॅम्प आणलेला, तो निळ्या पाण्यात पांढऱ्या मेणाचे गोळे वरखाली होतात तो. आईचं गुडघ्यामुळं बाहेर जाणं जवळपास बंदच झालंय, त्यामुळं दिवेलागण झाली की तो लॅम्प लावायचा आणि त्याच्यासमोर जप करत बसायचं हा तिचा नेम होता, टीव्हीपेक्षा तिला तो जास्त आवडतो.

झालं असं की घरात रंगकाम काढलं होतं, लॅम्प चालू होता, कामगारांनी तो तसाच गरम असताना काढला, आडवा धरून दुसऱ्या खोलीत नेला आणि तिथं व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर न लावता नुसत्या पिन अडॅप्टरमधून सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडला. बल्ब भकन पेटला आणि गेला. आता बाटलीतलं पाणी ताकासारखं झालंय, आरपार काही दिसत नाही, तळाशी मेणाचा गोळा आहे पण वाकडा थिजलाय, आणि त्यात जी तारेची स्प्रिंग असते ती तळाला न राहता उभी राहून मेणात अडकलीय. काच शाबूत दिसते, झाकणातून गळत नाही.

पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दोन-तीन इलेक्ट्रिकच्या दुकानांत बल्ब दाखवला, हा आकार आमच्याकडं येत नाही म्हणाले, एकानं त्याऐवजी छोटा एलईडी दिला पण तो बसतच नाही. भाचा म्हणतो की बाटली काढून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवू, नाहीतर गॅसवर मंद ठेवू, मेण वितळलं की आपोआप नीट होईल. मला ते काही पटत नाही. पाणी बदलता येतं का? बल्बचं काय करू? का आता टाकूनच द्यायचा? आई काही बोलत नाही पण रोज विचारते झाला का दुरुस्त म्हणून.

---

मिरजेचा_वायरमन

ताई सगळ्यात आधी भाच्याला सांगा, गॅसवर अजिबात नाही, पातेल्यात पण नाही. हे मी असंच घाबरवायला म्हणत नाय, २००४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात केंट म्हणून गाव आहे तिथं एका तरुण पोरानं लाव्हा लॅम्पची बाटली शेगडीवर तापवलेली, ती फुटली आणि काचेचा तुकडा छातीत घुसून पोरगं जागेवर गेलं. बाटली बंद असते, आत थोडी हवा ठेवलेली असते, बल्बच्या उष्णतेला ती पुरते, शेगडीच्या उष्णतेला पुरत नाही. लॅम्प तापवायचा तो फक्त त्याच्या स्वतःच्या बल्बनं.

आता विजेचं बोलतो. तुमच्या बुडाखाली एक स्टिकर असेल त्यावर १२० व्होल्ट आणि किती वॅट ते लिहिलेलं असतं, ते वाचून इथं टाका. आपल्याकडं २३० व्होल्ट. समजा २५ वॅटचा बल्ब आहे, तो १२० ऐवजी २३० वर लावला तर कागदावरच्या हिशोबानं नव्वद वॅटच्या आसपास ताकद जाते त्याच्यात, तार ते कसं सोसणार, म्हणून भकन पेटून गेला. लॅम्पला दुसरं काही झालं असेल असं वाटत नाही पण वायरीच्या मध्ये जो बटणाचा स्विच असतो तो आणि होल्डर उघडून बघा, काळं पडलंय का, प्लास्टिक वितळल्याचा वास येतो का.

एलईडीच्या मागं लागू नका, तो बसला असता तरी काही उपयोग नव्हता. ह्या लॅम्पमध्ये बल्बचं मुख्य काम उजेड नाही, उष्णता आहे. एलईडी लावला तर बाटली छान उजळेल आणि मेण दिवसभर तळाला बसून राहील. जुना पिवळा तारेचा बल्बच लागतो.

बल्बचा चुडीचा भाग पट्टीनं मोजा. आपल्याकडं आणि युरोपात छोटी चुडी १४ मिमीची असते, तिला ई १४ म्हणतात, अमेरिकेत १२ मिमीची आणि १७ मिमीची असते, म्हणून साताऱ्यात बसणारा मिळेना. नंबर म्हणजेच मिलिमीटर, लक्षात ठेवायला सोपं.

---

शाहूपुरी_सातारा

दादा लगेच उत्तर दिलंत, खूप आभार. भाच्याला वाचून दाखवलं, गप्प झाला. स्टिकरवर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ आणि जास्तीत जास्त २५ वॅट असं आहे. चुडी मोजली तर १७ च्या जवळ भरते. होल्डर काळा नाही, स्विचला मात्र थोडा वास आहे. कन्व्हर्टर आहे घरात, चांगला चालतो, १०० वॅटचा.

---

मिरजेचा_वायरमन

मग दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे भावाला सांगून तिकडनं त्याच मापाचे दोन बल्ब मागवायचे, २५ वॅट, १७ मिमी, आणि कायम कन्व्हर्टरवरच लावायचा. ह्यात लॅम्पला हात लावायला लागत नाही, फक्त तो स्विच बदलून घ्या. पण मग घरात कोणीतरी परत कधीतरी सरळ सॉकेटला लावणार, हे होतंच, मी किती घरांत अमेरिकेचे मिक्सर आणि इस्त्र्या अशा गेलेल्या बघितल्यात.

दुसरी वाट मला बरी वाटते, आतलं सगळं आपल्या २३० चं करून टाकायचं. चिनीमातीचा ई १४ होल्डर घ्या, प्लास्टिकचा नको, तो रोज तासन् तास तापून ठिसूळ होतो. वायर, स्विच, टॉप सगळं नवीन. बुड पत्र्याचं आहे ना, मग तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा टॉप, अर्थिंगची तार बुडाला स्क्रूनं पक्की करायची, त्यावर आई रोज हात लावणार आहे. फेजची तार होल्डरच्या मधल्या टोकाला आणि न्यूट्रल चुडीच्या कड्याला, उलटं केलं तर बल्ब बदलताना चुडीला बोट लागून झटका बसू शकतो. आणि एक गोष्ट लोक विसरतात, नवीन होल्डर जुन्यापेक्षा उंच असला तर बल्बचं डोकं बाटलीच्या बुडाला टेकतं, मग काच एकाच जागी तापते. जुन्या बल्बचं डोकं आणि बाटली यांच्यात किती फट होती ती आधी मोजून ठेवा, तेवढीच राहिली पाहिजे.

बल्ब ई १४, २३० व्होल्ट, २५ वॅट, तारेचा. ओव्हनच्या आतला दिवा असतो तो ह्याच चुडीत मिळतो, ऑनलाइन मिळेल, नाहीतर सांगली-मिरजेच्या मोठ्या होलसेलवाल्याकडं सांगून ठेवलं तर देतात आणून. बुडावर २५ लिहिलंय तर चाळीसचा घालायचा नाही, मिळेना म्हणून तर अजिबात नाही. हे काम स्वतः जमत नसेल तर वायरमनला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे, पण हा वरचा मजकूर त्याला वाचायला द्या.

---

कराडकर

काचेबद्दल लिहितो, कारण ताईंनी शाबूत दिसते म्हटलंय आणि नुसतं दिसण्यावर जाऊ नये. आमच्या इथं ओगलेवाडीला काचेचा कारखाना होता, प्रभाकर कंदील तिथलाच, आमच्या घरातले लोक तिथं कामाला होते त्यामुळं काचेवरून बोलणी लहानपणापासून कानावर. बाटली आडवी नेली म्हणजे कुठंतरी टेकली असणार. अंधारात बाटलीच्या बुडाला मोबाईलचा टॉर्च लावा आणि हळूहळू फिरवत बघा, केसाएवढी जरी तडा असली तरी ती रेघ चमकते. मग नख फिरवा, नख अडकलं तर तो नुसता ओरखडा नाही. तडा निघाली तर मात्र पुढचं काहीही करू नका, ती बाटली परत तापवायची नाही, कितीही जीव अडकला असला तरी.

आणि गरम बाटलीला ओलं फडकं लावू नका. पावसाचा एक थेंब उडाला की कंदिलाची काच तडकायची ते आठवत असेल जुन्या लोकांना, इथंही तसंच होतं.

---

रसायन_मास्तर

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. ताई, तुमच्या आईंना सांगा की लॅम्प बहुतेक नीट होणार आहे, टाकू नका. पण घाईनं झाकण उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण असे बरेच लॅम्प पाणी खराब झालं म्हणून उघडतात आणि तिथंच कायमचे बिघडतात.

आत काय चालतं ते समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इंग्लंडमध्ये एडवर्ड क्रेव्हन वॉकर नावाच्या गृहस्थानं १९६३ मध्ये हा लॅम्प बाजारात आणला, क्रेस्टवर्थ नावाची त्याची कंपनी होती, तीच आता मॅथमॉस म्हणून ओळखली जाते. साधं पॅराफिन मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यात टाकलं की वर तरंगतं आणि तिथंच राहतं, त्याचा लॅम्प होत नाही. म्हणून मेणात जड द्रव्य मिसळून ते थंड असताना बाजूच्या पाण्यापेक्षा किंचित जड करून ठेवतात, किंचितच. बल्बनं तापलं की मेण वितळतं आणि पाण्यापेक्षा जास्त फुगतं, फुगलं की हलकं, हलकं झालं की वर निघतं, वर जाऊन थंड झालं की आकसतं आणि परत खाली. सगळा खेळ त्या किंचित फरकावर आहे. आत नुसतं पाणी नसतं, त्यात घनता जुळवायला क्षार किंवा ग्लायकॉलसारखं काही, रंग, आणि मेण काचेला चिकटू नये म्हणून साबणासारखं द्रव्य असतं.

आणि ती तारेची स्प्रिंग शोभेची नाही. वरून खाली आलेल्या गोळ्यावर एक पातळ पापुद्रा धरल्यासारखं होतं, दोन गोळे शेजारी बसले तरी एकमेकांत मिसळत नाहीत, ती तापलेली तार तो पापुद्रा मोडते आणि मेण परत एकजीव करते. तार जागेवर नसेल तर मेणाचे बारीक मणी तयार होतात आणि तसेच फिरत राहतात.

आता तुमचं. गरम असताना बाटली आडवी झाली, हलली, वितळलेल्या मेणाचे अगदी बारीक कण पाण्यात पसरले, साबणासारखं द्रव्य आहेच आत, त्यानं ते कण तसेच धरून ठेवले. म्हणून पांढरट दिसतंय. हे घाण नाही, तुमचंच मेण आहे, आणि ते बऱ्याचदा आपलं आपण परत गोळ्यात जातं, फक्त त्याला वेळ आणि नीट उष्णता द्यावी लागते. वायरमन साहेबांनी सांगितलंय तसं विजेचं काम आधी पूर्ण करा. मग लॅम्प जिथं कायमचा ठेवायचा तिथं ठेवा, पंख्याखाली नको, उन्हात नको, आणि लावा. पहिले दोन-तीन तास काही होणार नाही, नुसतं मेण मऊ होईल, वेडेवाकडे खांब निघतील, हात लावू नका. सहा-आठ तास चालू द्या, मग बंद करून रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या. हे रोज करत राहा. प्रत्येक वेळी मेण वितळून खाली जमताना थोडे थोडे कण सोबत घेतं. आठवडाभर तरी बघा, मी तर दोन आठवडे म्हणेन.

स्प्रिंगचं असं करा की मेण पूर्ण पातळ झालं की लॅम्प बंद करा, टॉप काढा, जाड कोरडं फडकं घेऊन बाटली उभीच ठेवून जागच्या जागी हळूच अर्धी फिरवा आणि थांबवा. हलवायची नाही, उचलायची नाही, वाकडी करायची नाही, नुसती फिरवायची. तार जड असते, पातळ मेणातून खाली जाऊन बसते. पहिल्यांदा नाही बसली तर दुसऱ्या दिवशी परत.

एक बघून ठेवा. गढूळपणा पांढरट आहे का पिवळट-तपकिरी, आणि तंतूसारखं काही तरंगतंय का. पांढरट असेल तर वर सांगितलं तेच. तंतू असतील तर बुरशी आहे, मग मात्र पाणी बदलावं लागेल.

---

पोवई_नाका

मास्तरांनी फारच छान समजावलंय. एक भर घालतो, सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर ह्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसमध्ये लाव्हा लॅम्पची अख्खी भिंत आहे, कॅमेरा सतत तिचे फोटो काढतो आणि मेण पुढच्या क्षणाला कुठं असेल हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून त्या फोटोंतून इंटरनेटच्या कुलपांच्या किल्ल्यांसाठी यादृच्छिक आकडे काढतात. माझं कामच नेटवर्कचं आहे, मला ह्या लॅम्पबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. काकूंना सांगा, त्या ज्याच्यासमोर जप करतात त्याच्या भावंडांवर जग चाललंय.

बाकी नवीन घ्यायचा कोणी सल्ला दिला तर जपून, ऑनलाइन लाव्हा लॅम्प म्हणून जे स्वस्तात दिसतं त्यात बऱ्याचदा मेण नसतंच, पाणी, चमकी आणि खाली एलईडी. वर्णनात किती वॅटचा बल्ब लिहिलाय ते बघायचं, बल्बच नसेल तर तो हा लॅम्प नाही.

---

बागायतदार_तासगाव

मास्तर नमस्कार. माझ्याकडं पण एक हाय, पोरीनं पुण्यातनं आणलेला, तीन वर्षं पोरीच्या खोलीत खिडकीत उन्हात होता, त्याचं पाणी खरोखरच तपकिरी झालंय आणि आत जाळं धरल्यासारखं दिसतंय, म्हणजे तुम्ही म्हणताय ती बुरशीच. पाणी बदलायचं कसं ते सांगा की. यूट्यूबवर एकजण मीठ घाल म्हणतो, एकजण एप्सम सॉल्ट म्हणतो, एकजण स्पिरिट घाल म्हणतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच ना? ते बागेला ड्रिपमधनं सोडायला आणलेलं अर्धं पोतं घरात पडून हाय.

---

रसायन_मास्तर

बागायतदार, बरोबर ओळखलंत, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच. पण पोत्यातलं घालू नका. ते शेतीसाठी शुद्ध आहे, काचेत बघण्यासाठी नाही. चमचाभर ग्लासात विरघळवून रात्रभर ठेवून बघा, तळाला साका दिसेल, तो लॅम्पमध्ये कायम तरंगत राहील. मेडिकलमध्ये किंवा शाळा-कॉलेजला लॅबचं सामान देणाऱ्या दुकानात स्वच्छ मिळतं आणि लागतं अगदी थोडं. आणि स्पिरिट तर कोणीच घालू नये, खाली तापलेला बल्ब आणि वर पेट घेणारी वाफ, हे घरात ठेवायचं काम नाही.

पाण्याचंही तसंच. बोअरचं चालणार नाही, आपल्या भागात बोअरचं पाणी जड असतं, साबण पडला की त्यातल्या कॅल्शियमची साय धरते, बादलीत दिसते तीच लॅम्पमध्ये दिसेल. नळाचंही नको. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात सीलबंद कॅनमध्ये मिळतं तेच घ्या. घरच्या आरओतनं आलेल्या पाण्यात थोडे क्षार राहतात, तेव्हा तेही नको.

आता कृती. लॅम्प आदल्या रात्रीपासून बंद पाहिजे, मेण दगडासारखं कडक. बाटली बाहेर काढून आधी बाहेरून पाण्याची पातळी कुठं आहे तिथं चिकटपट्टी लावा, ही खूण फार महत्त्वाची, वरची हवेची जागा तेवढीच राहिली पाहिजे, पाणी तापून फुगतं तेव्हा त्याला जायला तीच जागा असते. झाकण सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं असेल तर ओपनरनं एका दमात उपटू नका, सगळीकडून थोडं थोडं उचलत फिरत या, म्हणजे ते वाकत नाही आणि परत बसवता येतं. हातात रबरी मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. जुन्या लॅम्पच्या मेणात क्लोरीनवाली द्रव्यं असायची, तुमचा किती जुना आणि कुठला ते माहीत नाही तेव्हा काळजी घेतलेली बरी, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं ह्या कामाला वापरायचं नाही.

जुनं पाणी एका बरणीत ओतून झाकून ठेवा, नवीन जमेपर्यंत टाकू नका आणि टाकायचं तेव्हा विहिरीकडं किंवा पाटाकडं नको. मग थंड डिस्टिल्ड पाणी काचेच्या कडेनं हळू ओतून आतलं जाळं धुवून काढा, दोन-तीनदा. कोमट पाणी घेतलं तर मेण सुटेल, म्हणून थंडच. धुवून झालं की खुणेच्या बोटभर खालपर्यंत स्वच्छ डिस्टिल्ड पाणी भरा, झाकण नुसतं वर ठेवा, दाबू नका, आणि बुडावर ठेवून लॅम्प लावा.

नुसत्या पाण्यात मेण वितळून तळाला घुमटासारखं बसेल, वर येणार नाही. यायलाही नको. आता एका कपात थोडं कोमट डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळेनासं होईपर्यंत घाला, वरचं निवळ पाणी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढा आणि बाटलीत थोडंसं, म्हणजे पाच मिली, कडेनं सोडा. पंधरा मिनिटं थांबा. परत थोडं. इथं सगळी कसोटी थांबण्याची आहे, पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं व्हायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात आणखी दोन सिरिंज सोडून मोकळे होतो. घुमट उंच व्हायला लागला की सोडायचं प्रमाण एक मिलीवर आणा. पहिला गोळा तुटून वर निघाला की हात थांबवा, लॅम्प अजून तापणार आहे. सगळं मेण वर जाऊन तिथंच बसलं तर क्षार जास्त झाले, सिरिंजनं थोडं पाणी काढून तेवढंच साधं डिस्टिल्ड घाला. आणि जर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातच मेण वर तरंगायला लागलं तर मेणाचा जडपणाच गेलाय, तिथं थांबा आणि इथं लिहा, मग क्षार घालून उपयोग नाही.

साबण शेवटी, आणि तोही काचेला मेण चिकटायला लागलं तरच. भांडी घासायचा बिनरंगाचा पातळ साबण, त्याचा एक थेंब चमचाभर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून त्यातले दोन-चार थेंब. जास्त झाला की मेणाचे मोहरीएवढे मणी होतात आणि पाणी परत पांढरं. रंग नाही घातला तरी सुंदर दिसतो, घालायचाच असेल तर खायच्या रंगाचा एक थेंब, सगळ्यात शेवटी. मग खुणेपर्यंत पातळी आणायची, लॅम्प पूर्ण थंड करायचा, झाकण दाबून बसवायचं आणि कडेनं सिलिकॉन फिरवून एक दिवस वाळू द्यायचं.

हे सगळं एका रविवारी सकाळी सुरू करा, मध्येच उठून बागेत जायचं असेल तर करू नका.

---

बागायतदार_तासगाव

मास्तर, एवढं कोणी समजावून सांगत नाही ओ. छाटणीची गडबड संपली की करतो. पोतं लांबच ठेवतो.

---

शाहूपुरी_सातारा

सगळ्यांना कळवायला आलेय. काचेला टॉर्च लावून पाहिलं, तडा नाही, बुडाजवळ एक ओरखडा आहे पण नख अडकत नाही. दुसरी वाट धरली, ओळखीच्या वायरमननं वायर, स्विच, चिनीमातीचा होल्डर सगळं बदललं, तीन पिनांचा टॉप लावला, अर्थिंग केलं. नवीन होल्डर खरंच उंच होता, पत्र्याची पट्टी वाकवून खाली घेतला, फट आधी होती तेवढी आली. ई १४ चा २५ वॅटचा बल्ब ऑनलाइन मागवला.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नुसता एक जाड खांब वर आला आणि तसाच उभा राहिला, मी घाबरले, आई म्हणाली राहू दे, मास्तरांनी हात लावू नका म्हटलंय. मग रोज दुपारी लावून रात्री बंद करत गेलो. स्प्रिंग लगेच नाही बसली, नंतर एकदा फिरवताना टक्कन आवाज आला आणि तळाला जाऊन सपाट बसली, त्या रात्रीपासून बारीक मणी कमी व्हायला लागले. आता पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बाटलीतून दिसतं, तारखा वाचता येत नाहीत पण दिसतं. सकाळी थंड असताना वरच्या भागात धुकट पट्टा राहतो, लावल्यावर जवळपास जातो. मास्तर, आता पाणी बदलू का असंच ठेवू? आणि उन्हाळ्याचं काय, साताऱ्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी फार तापतं, मागच्या उन्हाळ्यात सगळं मेण वर जाऊन तिथंच थांबायचं.

---

रसायन_मास्तर

ताई, बदलू नका. जे पाणी आत आहे ते कारखान्यात त्या मेणाशी जुळवून भरलेलं आहे, तेवढं नेमकं आपल्याला घरी कधीच जमत नाही. धुकट पट्टा आणखी कमी होईल, नाही झाला तरी लॅम्पच्या चालण्याला त्याचा त्रास नाही.

उन्हाळ्यात मेण वर थांबणं हा बिघाड नाही. खोलीच तापलेली असते, वर गेलेल्या मेणाला थंड व्हायला जागा मिळत नाही, मग ते खाली कशाला येईल. वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत हा लॅम्प सगळ्यात छान चालतो. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपारी लावूच नका, रात्री खिडक्या उघडल्यावर लावा आणि तीन-चार तासांत बंद करा.

---

मिरजेचा_वायरमन

मास्तरांना दुजोरा. त्यावर एक उपाय आहे, तारेचा बल्ब असल्यामुळं साधा डिमर चालतो, पंख्याचा रेग्युलेटर नाही, दिव्याचा डिमर, वायरीत बसवून घ्या. मेण वर अडकलं की थोडा कमी करायचा, दहा-पंधरा मिनिटांत खाली यायला लागतं. थंडीत पूर्ण ठेवायचा. आणि अमेरिकेचा तो जुना अडॅप्टर कन्व्हर्टरला बांधून वर माळ्यावर टाका, लॅम्पजवळ ठेवू नका.

---

शाहूपुरी_सातारा

डिमरचं सांगते लगेच. आईनं विचारलंय की लॅम्प संध्याकाळी सहाला लावला तर जपाच्या वेळेला गोळे फिरत नाहीत, किती वाजता लावायचा?

---

रसायन_मास्तर

तापायला दोन-तीन तास लागतात, थंडीत थोडं जास्तच. आत्ता चार वाजता लावा, डिसेंबरमध्ये साडेतीनला.